रामोजी की इमॅजिका? दोघांच्या निवांत सुटीसाठी

लग्नाचा वाढदिवस, हाताशी तीन दिवस आणि बायकोची एकच अट: धावपळ नको. नागपूरच्या धरमपेठेतला एक मित्र यात अडकलाय. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी की खोपोलीचं थीम पार्क इमॅजिका?

प्रवासातच अर्धा निकाल लागतो. हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर. पहाटेची सिकंदराबाद वंदे भारत धरली की दुपारी तिथे. खोपोली राज्याच्या दुसऱ्या टोकाला. रात्रीच्या गाडीने पुणे किंवा मुंबई, पुढे टॅक्सी. समृद्धीने गाडी नेली तर चालवणाऱ्याची सुटी स्टेअरिंगवरच संपते.

मुक्कामाची सोय दोन्हीकडे आवारातच. खर्च काढताना नुसतं तिकीट पाहू नका, जेवण आणि टॅक्सीही धरा.

आता निवांतपणा. रामोजीचा १६६६ एकरांचा पसारा बसमधून दाखवतात. खोटं रेल्वे स्टेशन, खोटं विमानतळ, मध्ये बागा. पण घोळक्यासोबत चढ-उतार असतेच, आणि मे महिन्यात नागपूरचं ऊन सोडून तेलंगणाचं ऊन खायला कशाला जायचं! इमॅजिकात रांग लावून नायट्रो नावाच्या रोलरकोस्टरवर उलटं लटकायचं. हौस असेल तर धमाल, पाठ दुखत असेल तर पैसे पाण्यात. भर पावसात उघड्यावरच्या राइड थांबू शकतात. तेव्हा लोणावळा जवळ आहे, एवढाच दिलासा.

गप्पा, फोटो, हिवाळा असा बेत असेल तर रामोजी, तेही आत मुक्काम करून. दोघांनाही राइडचं वेड आणि आणखी दोन दिवस रजा मिळत असेल तर इमॅजिका, शनिवार-रविवार टाळून.