भाड्याचा सर्व्हर की सर्व्हरलेस?

दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिणारा एक परिचित सध्या पेचात आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर २००६ पासून उपलब्ध असलेला ईसी२ हा आभासी सर्व्हर (म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा भाड्याचा संगणक) घ्यावा, की २०१४ मध्ये जाहीर झालेली लॅम्डा ही सर्व्हरलेस सेवा, म्हणजे आपण फक्त कोड द्यायचा आणि सर्व्हर ॲमेझॉनने सांभाळायचा अशी सेवा वापरावी, हे त्याला ठरवता येत नाही.

खर्चाचा फरक मुळातला आहे. ईसी२चे नेहमीचे भाडे सर्व्हर चालू असेपर्यंत लागते, त्यामुळे रात्री दुकाने बंद असली तरी मीटर फिरतच राहतो. लॅम्डात मात्र विनंत्यांची (कोड चालवण्यासाठी आलेल्या मागण्यांची) संख्या, कोड चालल्याचा मिलिसेकंदांतला वेळ आणि राखून ठेवलेली मेमरी यांवर आकारणी होते. शिवाय दरमहा पहिल्या दहा लाख विनंत्यांना शुल्क नाही. दिवसरात्र सलग वर्दळ असेल तर हे गणित उलटू शकते. डेटाबेसची, म्हणजे माहितीच्या साठ्याची, स्वतंत्र सेवा घेतली तर तिचे बिल दोन्हीकडे वेगळे येते. अंदाजपत्रकात नेमके तेच विसरले जाते.

देखभालीत लॅम्डा सरस आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टीमचे सुरक्षा अपडेट आपल्याला करावे लागत नाहीत.

मर्यादांकडेही पाहावे. लॅम्डाचे एक फंक्शन (कोडचा एक तुकडा) एका वेळी १५ मिनिटांहून अधिक चालत नाही, आणि बराच काळ न वापरल्यास पहिल्या प्रतिसादाला उशीर होतो. ईसी२वरील कोड दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवणेही तुलनेने सोपे असते.

ग्राहक मोजके आणि वापर तुटक असेल, तर लॅम्डा घ्यावी. वर्दळ स्थिर असेल, कामे लांबलचक असतील आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर ईसी२ योग्य ठरेल. माझ्या परिचिताला मी लॅम्डा सुचवली आहे.