ट्रंकेत काय टाकायचं: डांबरगोळी, कापूर की वेखंड?

पावसाळा संपला की आमच्याकडे दरवर्षी तोच वाद. आई म्हणते डांबरगोळ्या टाका, वहिनी म्हणते ते केमिकल नको, नॅचरल कापूर टाकू, आणि आजी दोघींकडे लक्षच न देता वेखंडाची पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात सरकवून मोकळी होते. यंदा वहिनीला दिवस गेलेत, त्यामुळे प्रश्न जरा सिरीयस झाला आणि केमिस्ट्री शिकलेला म्हणून मला पंच केलं.

आधी डांबरगोळी. नावातच सगळं आलं की. स्टीलसाठी कोक, म्हणजे भाजून तयार केलेला कोळसा, लागतो, म्हणून भिलाई, राउरकेला, बोकारोसारख्या कारखान्यांत दगडी कोळसा हवा न लागू देता हजारेक डिग्रीला भाजतात, त्यातून गॅस निघतो आणि काळाकुट्ट कोल टार निघतो, आणि त्या टारमध्ये साधारण दहा टक्के नॅफ्थलीन असतं, त्याचीच ही गोळी. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचाच माल. नॅफ्थलीनचा फॉर्म्युला १८२६ मध्ये फॅरेडेने काढला, हो, तोच विजेवाला. वितळायला ८० डिग्री लागतात पण त्याआधीच, घरातल्या साध्या हवेतच, ते हळूहळू उडत राहतं, म्हणून तर गोळी न ओघळता झिजते.

आता वहिनीचा नॅचरल कापूर. कापराचं झाड खरंच असतं, तैवान-जपानकडचं, आणि एके काळी जगाचा कापूर तिथूनच यायचा. १८९९ मध्ये जपान्यांनी तैवानच्या कापरावर सरकारी मक्तेदारी लावली, कारण सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीचं प्लास्टिक, बनवायला तो लागायचा. पण आज पूजेच्या दुकानात जी वडी मिळते ती बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेली असते, आणि टर्पेंटाइन येतं चीड-पाइनच्या डिंकातून. म्हणजे झाडाचंच, पण दुसऱ्या झाडाचं आणि रिॲक्टरमधून फिरून आलेलं. भीमसेनी म्हणून दुप्पट भावात जे खडे विकतात त्याचंही तेच, खरा भीमसेनी हा बोर्निओ-सुमात्राकडच्या वेगळ्याच झाडाचा आणि रासायनिकदृष्ट्याही वेगळा, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल या भ्रमात राहू नका.

आणि चौथा भिडू, ज्याला कोणी बोलावलेलं नसतं: बाथरूमच्या पांढऱ्या-रंगीत गोळ्या. त्या बऱ्याचदा नॅफ्थलीन नसतातच, पॅराडायक्लोरोबेंझीन असतं, बेंझीनवर क्लोरीन बसवून केलेलं. काही जण सरसकट त्यालाच डांबरगोळी म्हणतात. तुमच्याकडे काय आलंय ते बघायचं असेल तर एक तुकडा साध्या पाण्यात टाका: तरंगला तर कापूर. बुडाला तर त्याच पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा, आता वर आला तर नॅफ्थलीन, तळालाच बसला तर ती बाथरूमवाली. (टेस्ट झाल्यावर हात धुवा, आणि ती वाटी परत स्वयंपाकात नको.) हे प्रकार एकाच ट्रंकेत मिसळू नका, असे दोन पदार्थ एकत्र आले की वितळायची डिग्री खाली येते आणि उन्हाळ्यात कपड्यांवर तेलकट डाग पडतात.

चालतं काय? इथे सगळे गंडतात. हा वासाचा खेळ नाही, वाफेचा आहे. बंद डब्यात वाफ साठली तरच कसरीची पोरं मरतात, त्यामुळे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळी जबरदस्त, आणि दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या वॉर्डरोबमध्ये तीच गोळी फक्त नाकाला त्रास. कापूर भराभर उडतो, वास छान, पण मोठ्या ट्रंकेला दर महिन्या-दीड महिन्याला नवा टाकावा लागतो, आणि तो पेट घेतो हे विसरू नका. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला किड्याला दूर ठेवतात, आत शिरलेल्याला मारत नाहीत, आणि वाळून वास गेला की तो पाला म्हणजे नुसता कचरा. आजीची पुरचुंडी चालते कारण आजी दर दोन महिन्यांनी ट्रंक उपसून ऊन दाखवते, खरं काम उन्हाचं आणि झटकण्याचं असतं. श्रेय मात्र वेखंडाला जातं.

बाळाचा मुद्दा मात्र एका वाक्यात उडवायचा नाही. आपल्याकडे जुनी दुपटी, झबली, आजीची गोधडी डांबरगोळ्यांत वर्षानुवर्षं ठेवतात आणि बारशाच्या आधी काढून थेट बाळाला गुंडाळतात. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या वाफेनेही फुटतात आणि कावीळ वाढते, आणि बाळाला ते आहे की नाही हे घरात कोणालाच माहीत नसतं. युरोपियन युनियनमध्ये २००८ पासून या गोळ्या बंदच आहेत. पण म्हणून कापूर सेफ असं नाही हां, लहान मुलाने वडी तोंडात टाकली तर झटके येऊ शकतात, आणि वडी दिसते खडीसाखरेसारखी. झाडाचं आहे म्हणून विषारी नाही, हे वहिनीचं लॉजिक तिथेच संपतं. वेखंडही झाडाचंच, त्यातल्या बीटा-असरोन नावाच्या द्रव्यामुळे अमेरिकेत ते खाण्यात घालायला बंदी आहे आणि आपण बाळगुटीत उगाळतो, तो वाद आजीशी घालायची माझी हिंमत नाही.

तर माझा निकाल असा. लोकरी स्वेटर, शाली, घट्ट ट्रंक, घरात तान्हं बाळ नाही: डांबरगोळ्या, पण मलमलीच्या पिशवीत, जरीला आणि प्लास्टिकच्या बटणांना चिकटून नको. पैठणी आणि सिल्क रोजच्या कपाटात असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळून वेखंड, घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडायची. खळ घातलेल्या सुती साड्या असतील तर आधी खळ धुऊन टाका, सिल्व्हरफिशसारख्या किड्यांना तीच आवडते, त्यांना जेवायला वाढून वर गोळी टाकण्यात काय अर्थ. कापूर? देवघरात बरा.

आणि बाळाची दुपटी वेगळ्या डब्यात, आत काहीच नाही, नुसती धुऊन कडक उन्हात वाळवलेली. आईने मान्य केलं, वहिनीने तोंड वाकडं केलं, आणि काल बघितलं तर त्या डब्यातही वेखंडाची एक पुरचुंडी होती.