नोर्तेक की त्रिबाल: सुरुवात कुठून करावी?

मेक्सिकोचं प्रादेशिक संगीत आणि इलेक्ट्रॉनिक ठेका यांचं मिश्रण ऐकायला घेतलं, की दोन नावं लगेच समोर येतात. तिहुआनाचं नोर्तेक आणि मॉन्तेरेच्या पोरांनी गाजवलेलं त्रिबाल. दोन्ही एकाच झपाट्यात ऐकू नका. त्यांच्याकडून मिळणारा आनंद वेगळा आहे.

माझं मत विचाराल तर आधी नोर्तेक. १९९९ च्या सुमारास तिहुआनात पेपे मोग्त (फुसिबल) यांनी स्थानिक स्टुडिओंमधून नोर्तेन्यो (उत्तर मेक्सिकोचं अकॉर्डियनप्रधान संगीत) आणि बांदा (पितळी वाद्यांचा ताफा) वादकांची पडून राहिलेली रेकॉर्डिंग मिळवली आणि मित्रांत वाटली. पेशाने दंतवैद्य असलेल्या रामोन आमेस्कुआ, म्हणजे बोस्टिच, यांनी त्यातून ‘पोलारिस’ हा ट्रॅक उभा केला. त्यात ट्युबाचे (जाड आवाजाच्या मोठ्या पितळी वाद्याचे) तुकडे आणि ताशासारखी कडकडणारी तारोला, म्हणजे स्नेअर ड्रम, एवढ्यावरच सगळा डोलारा आहे. हे जुळतं, कारण नोर्तेन्योच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेला पोल्का हा नाच आहे. ट्युबा किंवा बास मात्रेवर पडतो, बाखो सेक्स्तो, म्हणजे बारा तारांचं गिटारसारखं वाद्य, मधल्या जागा भरतो. ही दोनाची चाल टेक्नोच्या सरळ ठोक्यावर अलगद बसते. २००१ चा ‘द तिहुआना सेशन्स, व्हॉल्यूम १’ हेडफोन लावून, सावकाश ऐका. अकॉर्डियनचा एकच सूर किती लांबवला आहे, तारोला कुठे अचानक गळून पडते, हे स्पीकरच्या गोंगाटात हाती लागत नाही. गाणारा आवाज मात्र फारसा मिळणार नाही. शब्दांशिवाय करमत नसेल तर हा अल्बम कोरडा वाटेल.

त्रिबालला अशी सवड नाही. सरळ ठोक्यावर तिनाच्या हिशेबाने दौडणारा तालवाद्यांचा थर, कुंबिया या मूळच्या कोलंबियन नृत्यसंगीताची लय, मध्येच बासरीचे किंवा सिंथचे छोटे तुकडे. पाय थांबत नाहीत. मातेवाला या मेक्सिकन गावातले तरुण यावर हातभर लांब टोकांचे बूट घालून नाचू लागले आणि ते बूटच या संगीताची ओळख झाले. मॉन्तेरेच्या थ्रीबॉल एमटीवाय या डीजे त्रिकुटाच्या ‘इन्तेन्तालो’ या गाण्यात (२०११) आमेरिका सिएर्रा आणि एल बेबेतो गातात, त्यामुळे नवख्याला धरून ठेवणारं कडवं मिळतं. पुढच्याच वर्षी या त्रिकुटाला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा लॅटिन ग्रॅमी मिळाला. पण सलग ऐकलं तर गाणी एकमेकांसारखी वाटू लागतात.

पार्टीत वाजवायचं असेल तर बिनदिक्कत त्रिबाल घ्या. प्रत्यक्ष वाद्यं आणि यंत्रं एकत्र ऐकायची असतील तर २००८ चा बोस्टिच-फुसिबल यांचा ‘तिहुआना साउंड मशीन’ घ्या. त्यांच्या मंचावर ट्युबा, ट्रम्पेट, अकॉर्डियनवालेही उभे राहिले. आणि स्वतः असं संगीत करून पाहायचं असेल, तर या दोन्हींच्या आधी काही दिवस निव्वळ नोर्तेन्यो ऐका. बाखो सेक्स्तो कुठे पडतो हे कानात बसलं नसेल, तर वर चढवलेला ठोका त्यालाच गाडून टाकतो.