पिवळ्या काठाचं घायपात घ्यावं की स्नेक प्लांट?

कमी पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारं आणि पानांवर पिवळा काठ असलेलं झाड मागितलं, की नर्सरीत बहुधा ही दोन पुढ्यात येतात. एक पिवळ्या काठाचं घायपात, दुसरं 'लॉरेन्टी' जातीचं स्नेक प्लांट. यातलं कमी पाणी कुणाला लागतं, यावर डोकं खपवू नका. दोन्ही झाडं पानांची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि दोघांचंही थोडक्यात भागतं. बघायचं ते ऊन किती येतं आणि जागा किती आहे.

घायपात मूळचं मेक्सिकोकडचं, त्याला दिवसभर ऊन हवं. सावलीत पानं लोळतात. बंगल्याच्या आवारात मुरमाड, उताराची जागा असेल तर याच्याइतकं रुबाबदार दुसरं काही नाही. मात्र नर्सरीतलं वीतभर रोप बघून भुलू नका. जमिनीत लावलं की घेर दोन मीटरच्या पुढे जातो आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो. टोकं छाटता येतात, पण पानांच्या कडेचे आकड्यासारखे काटे राहतातच. कापताना उडणारा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, आग होते. घरात रांगतं-पळतं मूल असेल किंवा जाण्यायेण्याची वाट जवळ असेल, तर माझ्या मते हा विषय तिथेच संपला. त्याला फुलोरा एकदाच येतो, साधारण 10 ते 30 वर्षांनी. दांडा दोन मजले गाठतो आणि मग मूळ झाड वाळून जातं. बुंध्याशी पिलं मात्र ठेवून जातं.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. फ्लॅटच्या गॅलरीत, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात किंवा खिडकीशेजारी ते खूश असतं. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात पानांवर भाजल्याचे डाग पडतात. ते हवा शुद्ध करतं म्हणून घेऊ नका. हा समज ज्यांवरून पसरला, ते नासाचे 1989 चे प्रयोग बंदिस्त पेटीतले होते. दिवाणखान्यात एका कुंडीने काही फरक पडत नाही. मांजर-कुत्रं पाने चावत असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण पोटात गेल्यास उलट्या होतात.

हे झाड उन्हाळ्यात सहसा मरत नाही, मरतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. नर्सरीतून आलेली कुंडी बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) असते, आणि ते वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं. पान बुंध्याशी चिमटीत धरून बघा. मऊ, पाणचट लागलं आणि वास आला, तर मुळं सडलेली आहेत. आणल्यावर थोड्या दिवसांत माती, भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे अशा मिश्रणात हलवा, पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या आणि पाणी जवळजवळ बंदच करा. घायपातालाही काळ्या चिकण मातीत हाच धोका आहे. कोकणातल्या पावसात तर ते उंचवट्यावरच लावा.

रोपं वाढवायची असतील तर स्नेक प्लांटचं पान कापून लावू नका. मुळं फुटतात, पण नवं रोप पिवळ्या काठाशिवाय, साधं हिरवं येतं. काठ टिकवायचा तर कंदासकट फुटवा वेगळा करा. घायपाताची काठवाली पिलं मात्र थेट उचलून लावता येतात. पूर्ण हिरवं पिलू दिसलं तर ते आधी काढा, नाहीतर तेच जोमानं वाढून बाकीच्यांना झाकून टाकतं.