स्वेच्छानिवृत्तीनंतरच्या घरात कुत्रा की मांजर?

स्वेच्छानिवृत्तीसाठी लागणारी वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा केव्हाच पूर्ण झालेली होती, म्हणून तीन महिन्यांची नोटीस देऊन वयाच्या 54 व्या वर्षी मी शासकीय नोकरीतून बाहेर पडलो आणि पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर दिसू लागलो. पत्नीला त्याचा आनंद झाला आणि तो साधारण तीन आठवडे टिकला. पुढे घरात एखादे मुके जनावर असावे, असे दोघांनाही वाटू लागले. योगायोगाने दोन्हींचा अनुभव मिळाला. मुलगी बेंगळुरूला घर शोधत होती तेव्हा तिचा लॅब्राडोर अकरा महिने आमच्याकडे राहिला. तो परत गेल्यावर सोसायटीच्या जिन्यात जन्मलेली एक देशी मांजरी आली, ती आजही आहे.

कुत्र्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधीच कबूल करतो. पहाटे साडेपाचला तो दाराशी जाऊन उभा राहत असे आणि नोकरी सुटल्यावर सैल पडलेल्या माझ्या दिवसाला त्यामुळे काही वेळापत्रक उरले होते. शिवाय नवरा रोज दीड-दोन तास घराबाहेर असणे संसाराला किती मानवते, हे निवृत्तांच्या बायकांना विचारावे. मांजरीने मला कधी घराबाहेर काढले नाही आणि त्याचा परिणाम माझ्या पोटाच्या घेरावर दिसतो.

खाण्याच्या बाबतीतही कुत्रा सोयीचा. पशुवैद्याच्या सल्ल्याने तो बऱ्याच अंशी शाकाहाराशी जुळवून घेऊ शकतो. मांजर मात्र जातीनेच मांसाहारी. तिला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळते किंवा तयार खाद्यात ते घातलेले असते. दूध-पोळीवर मांजर जगते, ही आपली जुनी समजूत आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचे दूध नीट पचतही नाही. ज्यांच्या घरात अंडेही येत नाही, त्यांनी याचा निर्णय मांजर आणण्यापूर्वीच करावा. मांजरासाठी गॅलरीला जाळीही बसवावी लागते, पण तो खर्च एकदाच होतो.

एवढे असूनही माझे मत फिरले ते एका पोळीच्या तुकड्यामुळे.

कुत्र्याला शिस्त लावावी लागते, आणि घरात दोन माणसे असली की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. मी नोकरीत परिपत्रके काढण्यात आयुष्य घालवलेले. ताटातले काही कुत्र्याला द्यायचे नाही, असा नियम मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केला. पत्नीचे माहेर शेतकऱ्याचे. तिकडे कुत्री भाकरीवरच वाढली. पत्नी रश्शात बुडवलेला पोळीचा तुकडा टेबलाखालून त्याला देई. रश्श्यात कांदा-लसूण असे आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगे. शास्त्र माझ्या बाजूने होते, पण सांगण्याचा सूर मात्र कार्यालयीन होता, हे आज मान्य करतो. एकदा ती शांतपणे म्हणाली, “अहो, ऑफिस सुटलं ना तुमचं?” त्यानंतर वाद कुत्र्याचा राहिला नाही, मुलीच्या लहानपणी कोणी तिला लाडावले, इथपर्यंत तो मागे गेला. कुत्रा बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत बसे आणि शेवटी, स्वाभाविकच, तुकडा देणाऱ्याचे ऐके. अकरा महिन्यांत हा प्रसंग किती वेळा घडला, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण जेवणाच्या वेळा वगळता आमचे त्या काळात बरे चालले होते, असे म्हणता येईल.

मांजरीच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवला नाही. कांदा तिलाही वाईटच, किंबहुना अधिक; पण पत्नीने पुढे केलेला तुकडा तिने हुंगला आणि पाठ फिरवली. माझ्या नियमांनाही तिने तशीच पाठ दाखवली. दोघांचाही अधिकार तिने सारखाच नाकारल्यामुळे कोणाचे चालते, हा मुद्दाच निकालात निघाला.

वयाचाही विचार करावा. लॅब्राडोर साधारण दहा-बारा वर्षे जगतो, घरात राहणारे मांजर पंधरा वर्षेही सहज काढते. म्हणजे मांजर अधिक दीर्घ मुदतीची जबाबदारी आहे. मात्र गावच्या जत्रेला आम्ही दोघे एका रात्रीसाठी मिळून जाऊ शकतो, शेजारच्या वहिनी खाणे ठेवून जातात. लॅब्राडोर असताना एकाला घरी थांबावेच लागे.

ज्या जोडप्यात अंतिम शब्द कोणाचा हे पूर्वीच ठरलेले आहे, त्यांनी खुशाल कुत्रा पाळावा, कदाचित त्यांना तो अधिक सुख देईल. आमच्याकडे ते ठरलेले नव्हते. मांजरी ओट्यावर चढली की हल्ली आम्ही दोघेही एकाच वेळी “ए, उतर” म्हणून ओरडतो. ती उतरत नाही.