सांधेदुखीसाठी भांगेचे तेल: कोणते घ्यावे आणि कशाचे पैसे द्यावेत

गुडघे, कंबर आणि मानेच्या दुखण्यासाठी भांगेपासून बनवलेली तेले, बाम आणि रोल-ऑन आता छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूरच्या मोठ्या मेडिकलमध्ये मिळू लागली आहेत. परभणीत मात्र आम्हाला ती ऑनलाइनच मागवावी लागली. आईच्या दोन्ही गुडघ्यांसाठी आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्या सांध्यासाठी मी बियांच्या तेलाचा बाम, पानांच्या अर्काचे तेल आणि एक रोल-ऑन अशी तीन प्रकारची उत्पादने घेतली. कंपन्यांची नावे मी लिहीत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन उत्पादनांत जेवढा फरक आढळला तेवढा दोन कंपन्यांमध्ये आढळला नाही. खरेदीचा निर्णय बाटलीवरच्या बारीक अक्षरांवरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सर्वांत आधी पाहायचे ते हे की, औषध झाडाच्या कोणत्या भागापासून केले आहे. ‘हेम्प’ (भांगेच्या झाडाचे इंग्रजी नाव) हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि हिरव्या पानाचे चित्र असलेल्या पुष्कळशा डब्यांत प्रत्यक्षात फक्त बियांचे तेल असते. हे तेल चांगले आहे, त्वचेला मऊ ठेवते, आणि 2021 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या बिया व त्यांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केले आहे. परंतु भांगेच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या ज्या सीबीडी नावाच्या घटकासाठी एवढा बोलबाला आहे, तो बियांमध्ये जवळपास नसतोच. तो पानांत आणि फुलोऱ्यात असतो. त्यामुळे बियांच्या तेलाचा बाम सांधेदुखीचे भांगेचे औषध म्हणून चढ्या किमतीला घेणे मला पटत नाही. तीळतेलाने चोळल्यावर जो आराम पडतो तेवढाच या बामने आईला पडला, आणि तीळतेल आपल्याकडे घरोघरी असते.

पानांच्या अर्काचे तेल ही वेगळी गोष्ट आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि औषधे नियम, 1945 च्या ई(1) अनुसूचीत तिचा समावेश वैद्यकीय देखरेखीखाली वापरायच्या द्रव्यांत केलेला आहे. म्हणून अशा तेलाच्या खोक्यावर आयुर्वेदिक औषध असा उल्लेख, उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, फक्त बाह्य वापरासाठी असल्याची सूचना आणि प्रत्येक घटकाचे नाव प्रमाणासह असायला हवे. मी घेतलेल्या तेलाच्या खोक्यावर एका कडेला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, विजया पत्र असे लिहून पुढे अर्काचे मिलिग्रॅम दिले होते, आणि त्याखाली तीळतेल, निर्गुंडी, गंधपुरा (विंटरग्रीन) व कापूर यांचे प्रमाण होते. रोल-ऑनच्या खोक्यावर मात्र झाडाचे नाव होते, भाग कोणता ते नव्हते आणि प्रमाणही नव्हते. अशी वस्तू दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये.

मिलिग्रॅमच्या आकड्यातही एक मेख आहे. ‘1000 मिलिग्रॅम अर्क’ म्हणजे 1000 मिलिग्रॅम सीबीडी नव्हे. अर्कात सीबीडी किती, टीएचसी किती, हे बॅचच्या प्रयोगशाळा अहवालावरूनच कळते. टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक. चांगले उत्पादक हा अहवाल वेबसाइटवर ठेवतात किंवा मागितल्यावर पाठवतात. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळतो का, हे ताडून पाहावे. नंतर बाटलीच्या किमतीला सीबीडीच्या एकूण मिलिग्रॅमने भागावे. समजा, 800 रुपयांच्या बाटलीत 200 मिलिग्रॅम सीबीडी आहे आणि 1500 रुपयांच्या बाटलीत 500 मिलिग्रॅम, तर पहिलीत एका मिलिग्रॅमला चार रुपये पडतात आणि दुसरीत तीन. स्वस्त दिसणारी बाटली प्रत्यक्षात महाग असते. हा अहवाल मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्वचेवर लावायच्या सीबीडीच्या 105 उत्पादनांची तपासणी करून 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ज्यांवर प्रमाण छापलेले होते त्यांपैकी जेमतेम 24 टक्के उत्पादनांत ते बरोबर निघाले, आणि एकूण उत्पादनांपैकी सुमारे एक तृतीयांशांत टीएचसी सापडले. आपल्याकडच्या बाटलीवर केवळ छापील आकड्यावरून विश्वास ठेवायला मी म्हणूनच तयार नाही.

आता प्रत्यक्ष गुणाविषयी. पानांच्या अर्काचे तेल गडद हिरवट, किंचित चिकट आहे. वाळलेल्या गवतासारखा त्याचा वास कापराखालूनही जाणवतो, आणि उशीच्या अभ्र्यावर पडलेला डाग धुऊन जात नाही. माझ्या अंगठ्याच्या सांध्याला ते रात्री चोळून लावल्यावर सकाळी वहीवर लिहिताना आणि पोळीसाठी कणीक मळताना होणारा ठणका कमी झाला, आणि ही गोष्ट मला सांगण्याजोगी वाटते. आईच्या गुडघ्यांना मात्र थंडाव्यापलीकडे विशेष काही लाभले नाही. या फरकाचे कारण मला समजण्यासारखे वाटते. सीबीडी तेलात विरघळणारा आहे, आणि साध्या तेलातून लावल्यास तो बराचसा त्वचेच्या वरच्या थरातच अडकून राहतो. अंगठ्याचा सांधा त्वचेलगत असतो, तर गुडघा खोल आणि मोठा असतो, आणि खुबा तर त्याहून खोल. व्हर्जिनिया विद्यापीठात अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज झालेल्या अठरा रुग्णांवर दोन आठवडे सीबीडीचे मलम लावून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत वेदना कमी झाल्या होत्या. अठरा रुग्ण ही फार थोडी संख्या आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. उलट डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांच्या दुखण्यावर दररोज 20 ते 30 मिलिग्रॅम सीबीडी पोटातून दिलेल्या चाचणीत सीबीडी आणि औषध नसलेली गोळी यांत फरक आढळला नाही.

शिवाय लावताक्षणी जो गारवा किंवा ऊब जाणवते, ती भांगेची नसते. ती मेन्थॉल, कापूर आणि गंधपुऱ्याच्या तेलाची असते. रोल-ऑनने आईला लगेच बरे वाटले ते याच कारणाने, आणि तसा बाम कोणत्याही किराणा दुकानात कितीतरी स्वस्त मिळतो. गुडघ्याच्या झिजेसाठी लावायचे औषध हवे असेल, तर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची जेल आधी वापरून पाहणे मी योग्य समजते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी अशा जेलची ठाम शिफारस केली आहे, आणि तिची ट्यूब भांगेच्या बाटलीच्या अंशभर किमतीत येते. आईसाठी आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच चालू ठेवली आहे.

कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरली, मान आखडली की आपल्याकडे तेल चोळून वरून शेक देण्याची किंवा गरम केलेले एरंडाचे पान बांधण्याची रीत आहे. भांगेच्या ज्या तेलात गंधपुरा आणि मेन्थॉल आहे, त्यावर हे कदापि करू नये; उष्णतेने आणि घट्ट बांधण्याने ही द्रव्ये त्वचेत अधिक शिरतात आणि भाजल्यासारख्या जखमा होऊ शकतात. शेजारच्या काकूंच्या पोटरीवर असा लालभडक चट्टा उठलेला मी पाहिला आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी गंधपुरा असलेले कोणतेही तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी भांगेचे तेल टाळावे, आणि कापूर असल्याने बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. इतरांनीही आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. सांधा सुजून लाल आणि गरम झाला असेल, ताप असेल, किंवा सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ बोटे आखडून राहत असतील, तर कोणतेही तेल शोधत न बसता तपासणी करून घ्यावी. नांदेड आणि धाराशिव येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विजयायुक्त औषधाबद्दल वैद्यांना विचारता येते.

कायद्याविषयी अनेकांच्या मनात धाकधूक असते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे व फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, म्हणून परवान्याने बनवलेले पानांचे औषध उघडपणे विकले जाते. स्पर्धेत उतरणाऱ्या कबड्डीपटूंनी आणि पैलवानांनी मात्र जपावे, कारण उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीतून सीबीडी 2018 पासून वगळले असले तरी स्पर्धेच्या काळात टीएचसीला मनाई आहे. आखाती देशांत नोकरीला असलेल्या मुलांनाही ही बाटली पार्सलने पाठवू नये किंवा सामानात देऊ नये. आपल्याकडे परवान्याने मिळणारी वस्तू तेथे तुरुंगाचे कारण होऊ शकते. दुबईला निघालेल्या माझ्या मावसभावाने खांद्यासाठी ती मागितली होती. त्याच्या बॅगेत आम्ही डायक्लोफेनॅकची जेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली.