पिकअपमधला सीबी रेडिओ : पोळ्यापासून मृगापर्यंतचा अनुभव

वरुड तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा संत्र्याचा बगीचा आहे, सोबत थोडा व्यापारही करतो. दोन पिकअप आणि एक छोटा हत्ती एवढ्या गाड्या. अंबिया बहाराचा तोडा लागला की तिन्ही गाड्या भरून संध्याकाळी एकामागे एक निघतात. आमच्या रस्त्यावर अकरा-एक किलोमीटरचा पट्टा असा आहे की तिथे कुठल्याच कंपनीची रेंज टिकत नाही. आधीच्या हंगामात त्याच पट्ट्यात मागच्या पिकअपचं टायर फुटलं. स्टेपनी होती पुढच्या गाडीत. पुढच्या ड्रायव्हरला मांगं कोणी नाही हे कळलं तेव्हा तो पार वस्तीजवळ पोचला होता. परत फिरून, टायर बदलून गाड्या मंडीत पोचेपर्यंत सकाळचा हर्रास उरकला होता. भरलेला माल दिवसभर उन्हात उभा राहिला. त्याच दिवशी ठरवलं की गाड्यांनी आपसात बोललंच पाहिजे.

आधी हातातले लहान वॉकीटॉकी वापरून पाहिले, ४४६ मेगाहर्ट्झवर चालणारे, ज्यांना लायसन्स लागत नाही ते. मोकळ्या वावरात एक-दीड किलोमीटर छान चालले, पण बगीच्यात शिरलो की अर्धा किलोमीटरसुद्धा मुश्कील. केबिनच्या पत्र्याच्या आत तर आणखीच कमी. ओळखीच्या एकाने व्हीएचएफ नावाच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातले स्वस्तातले संच दाखवले, त्यांची रेंज खरंच जास्त होती. पण त्या फ्रिक्वेन्सीला लायसन्स लागतं, आणि हौशी म्हणजे हॅम रेडिओवाल्यांना त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. शिवाय हॅमच्या लायसन्सवर धंद्याचं बोलता येत नाही. ते संच मी हातात घेऊन परत दिले. तुम्हीही मोहात पडू नका. चुकून पोलीस किंवा वनविभागाच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलं गेलं तर प्रकरण फार महागात जाईल.

शेवटी सीबी रेडिओ घेतला. सीबी म्हणजे सिटिझन बँड, सामान्य माणसाला बोलायला दिलेला रेडिओचा पट्टा. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत विनालायसन्स खुला आहे. अट अशी की तुमच्यामुळे दुसऱ्याला त्रास व्हायला नको, आणि तुम्हाला त्रास झाला तर तक्रारीचा हक्क नाही. अमेरिकेत याच रेडिओवर १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाले एकमेकांना पुढच्या पंपावर डिझेल आहे का ते सांगायचे. तिकडे ४० चॅनल असतात. आपल्या पट्ट्यात त्यातले पहिले २७ बसतात, कारण २७ वं चॅनल २७.२७५ वर आहे आणि २८ वं हद्दीच्या बाहेर पडतं. आमच्या संचात देश निवडायची सोय आहे, त्यात भारत टाकला की पुढचे चॅनल दिसतच नाहीत. घेताना हे दुकानदाराकडून स्वतःसमोर करून घ्या. दुसरं म्हणजे संचाला दूरसंचार विभागाची टाइप अप्रूव्हल, ज्याला ईटीए म्हणतात, ती आहे का ते पाहा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीसारख्या रेडिओ संचांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फ्रिक्वेन्सी, लायसन्स आणि ईटीए यांची माहिती खरेदीदाराला दाखवायला सांगितली आहे. जिथे हे लिहिलेलं नाही तिथून मी घेतलं नसतं. बिल आणि ईटीएची झेरॉक्स प्रत्येक गाडीच्या कागदांत ठेवली आहे. एकदा नाक्यावर विचारणा झाली, कागद दाखवले, दोन मिनिटांत सुटलो.

सुरुवातीचे दोन संच, दोन अँटेना, केबल आणि एक एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना संचाशी नीट जुळली की नाही ते दाखवणारं यंत्र) मिळून २८ हजारांच्या आसपास गेले. आता बसवण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले वीस दिवस पूर्ण वाया गेले ते इथेच.

पोळा झाल्यावर गावातल्याच ऑटो इलेक्ट्रिशियनकडून संच लावून घेतला. त्याने सिगारेट लायटरच्या वायरीतून करंट दिला आणि अँटेनाचं ब्रॅकेट केबिनमागच्या लोखंडी जाळीला नटबोल्टने कसलं. दिसायला काम एक नंबर. पण गाडी सुरू केली की रेडिओत अल्टरनेटरची कूं... कूं... अशी शीळ यायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जायची. बोलणं तर दीड किलोमीटरच्या पुढे जातच नव्हतं. मला वाटलं संच खराब निघाला.

शीळ गेली ती वायर थेट बॅटरीवर नेल्यावर. लाल आणि काळी दोन्ही वायरी बॅटरीच्या टोकांपर्यंत न्या, आणि लाल वायरीवर बॅटरीजवळच फ्यूज टाका, म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. पिकअपला आणि छोट्या हत्तीला १२ व्होल्ट असतात, तिथे प्रश्न नाही. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथे कन्व्हर्टर लावल्याशिवाय संच जोडायचाच नाही.

रेंजचा घोळ अँटेनाचा होता. ही लहर साधारण ११ मीटर लांबीची, म्हणून तिचा पाव हिस्सा घेतला तरी पावणेतीन मीटरची, म्हणजे नऊ फुटांची काडी लागते. ती बगीच्यात टिकणार नाही. म्हणून बाजारात बुडाशी कॉइल दिलेल्या आखूड काड्या मिळतात, आमची सव्वा मीटरची आहे. आखूड अँटेनाला खाली भक्कम पत्र्याचा आधार लागतो. गाडीची बॉडी हा तिचा अर्धा भाग असतो. आमच्या जाळीवर ऑइलपेंटचे तीन थर होते आणि ब्रॅकेट त्या रंगावरच बसलेलं. म्हणजे नटबोल्ट घट्ट, पण करंटला वाट नाही.

एका रविवारी मी आणि लहान भाऊ कानशी घेऊन बसलो. ब्रॅकेटखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. ब्रॅकेटपासून चेसीपर्यंत जाड वायर टाकली. खरवडण्याआधी मीटरचा काटा सगळ्या चॅनलवर ३ च्या वर होता. ३ म्हणजे तुम्ही पाठवलेल्या शक्तीचा पाव हिस्सा परत संचात येतो, त्याने पुढेमागे आतला ट्रान्झिस्टर जळतो. खरवडून वायर जोडल्यावर चॅनल १ वर १.८ आणि चॅनल २७ वर २.४ झाला. वरच्या चॅनलवर जास्त येत असेल तर काडी लांब आहे, खालच्यावर जास्त असेल तर आखूड आहे, एवढं एक सूत्र लक्षात ठेवायचं. ॲलन कीने बुडाचा स्क्रू सैल करून काडी चार-चार मिलिमीटर आत सरकवत गेलो. शेवटी १ वर १.४, मधल्या १४ वर १.२ आणि २७ वर १.४. मोजताना दारं बंद, माणसं लांब आणि गाडी मोकळ्या जागेत पाहिजे. पत्र्याच्या शेडखाली मोजलं तर सगळे आकडे खोटे येतात.

त्याच संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन मोर्शी रोडने निघाला. तीन किलोमीटर, पाच, सात. साडेआठवर आवाज तुटायला लागला. संच तोच होता, फक्त नाण्याएवढा रंग गेला होता. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली. पैसे कमी असतील तर साधा संच घ्या, पण एसडब्ल्यूआर मीटर आणि चांगली केबल यात हात आखडू नका.

नऊ महिन्यांत मिळालेली रेंज सांगतो. सपाट रस्त्यावर गाडी ते गाडी सात-आठ किलोमीटर. दाट बगीच्यांमधून तीन-साडेतीन. घाटात वळण आडवं आलं की दीड, कधी कधी एकच. उलट टेकडीच्या माथ्यावर गाडी उभी केली तर खालच्या वस्तीशी पंधरा किलोमीटरवरूनही बोललो आहे. आमच्या अकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दोन गाड्यांत चारपाच किलोमीटरचं अंतर पडलं तरी बोलणं तुटत नाही, आमची गरज तेवढीच होती.

आवाजाचा विषय मात्र गंभीर आहे. संचात एएम आणि एफएम अशा आवाज पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एएमवर बगीच्याच्या कडेने जाताना दर सेकंदाला टक्... टक्... टक् असा ठोका यायचा. आठ दिवस गाडीच्या वायरिंगमध्ये शोधलं. मग लक्षात आलं की ठोका ठरावीक वावरांपाशीच येतो. ती झटका मशीन होती. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी आमच्याकडे आता जवळपास प्रत्येक बगीच्याला तारांचं कुंपण आणि झटका असतो. तारेला गवत किंवा ओली फांदी टेकली की तिथे ठिणगी पडते आणि ती रेडिओत वाजते. आम्ही एका शेजाऱ्याला सांगितलं, त्याने तारेखालचं गवत कापलं, ठोका गेला, आणि त्याचा झटकाही जोरात लागायला लागला. केबिनमधला स्वस्तातला यूएसबी चार्जर हा दुसरा शत्रू. तो काढून फेकला. त्यानंतर आम्ही जवळ जवळ असलो तर एफएमवर बोलतो, आवाज स्वच्छ येतो. अंतर वाढून आवाज पडायला लागला की एएमवर जातो, कारण त्यात खरखरीतूनही शब्द उचलता येतात.

बोलायची सवय लागायला दोन आठवडे गेले. बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, मग बटण सोडायचं. नवखा माणूस दाबताच बोलतो आणि पहिला शब्द कापला जातो. "थांबू नका" मधला पहिला शब्द ऐकूच आला नाही तर काय होईल आणि "नका" कापला गेला तर काय होईल, हे ड्रायव्हरांना मी बसवून समजावलं. दोघांनी एकदम दाबलं तर एएमवर नुसती शिट्टी वाजते. आमच्याकडे नियम आहे की घाटात ड्रायव्हर माइकला हात लावणार नाही, क्लीनर बोलेल. आणि भाव, वजन, पैसे रेडिओवर बोलायचे नाहीत, कारण हे कोणीही ऐकू शकतं.

आमचे जुने ड्रायव्हर काका आधी या यंत्राला हातच लावत नव्हते. डिसेंबरात धुक्याच्या एका पहाटे पुढच्या गाडीतून क्लीनरचा आवाज आला, "काका, समोर बैलबंडी हाये, बिना लाइटची. हळू येजा." काकांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि दोन मिनिटांनी बंडी दिसली, ऊस भरलेली. तेव्हापासून गाडी सुरू केली की पहिला आवाज त्यांचाच येतो, "आयकू येते का जी?"

त्रासही लिहिले पाहिजेत. मॅग्नेटवाली अँटेना छोट्या हत्तीच्या टपावर लावली होती, संत्र्याच्या फांदीने दोनदा खाली पाडली. तिलाही आता ब्रॅकेट केलं. कॅरेटची थप्पी अँटेनाच्या बुडाला भिडली की एसडब्ल्यूआर चढतो, फळांत पाणीच असतं ना, म्हणून वीतभर जागा सोडतो. जानेवारीच्या अवकाळीत बाहेरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आणि तांब्यावर हिरवट गंज धरला. केबलचा तेवढा तुकडा कापावा लागला, आता रबर टेप ताणून गुंडाळतो. माइकची गुंडाळीची वायर सहाव्या महिन्यात आतून तुटली. जोडीचा माइक वरुडला नाही, अमरावतीला नाही, शेवटी मागवावा लागला आणि अकरा दिवस एक गाडी मुकी होती. एक माइक जादा घेऊन ठेवाच. विजा चमकायला लागल्या की अँटेनाची वायर संचापासून काढून ठेवतो.

मे महिन्यात एक प्रकार झाला. भर दुपारी १४ नंबरवर अचानक परक्या भाषेतला माणूस इतका स्पष्ट बोलायला लागला, जसा शेजारच्या वावरात उभा आहे. उन्हाळ्यात आकाशात शंभरेक किलोमीटरवर आयनांचे दाट थर तयार होतात आणि २७ मेगाहर्ट्झची लहर त्यांवर आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते. तासभर ते चालतं आणि तेवढा वेळ आपली तीन किलोमीटरवरची गाडी त्यात बुडून जाते. असं झालं की आम्ही ठरलेल्या दुसऱ्या चॅनलवर जातो.

एकटी गाडी असेल तर हे घेऊ नका. आपल्याकडे रस्त्यावर उत्तर द्यायला दुसरं कोणी नाही. दोन-तीन गाड्या सोबत चालत असतील, हार्वेस्टर आणि ट्रॅक्टरची जोडी असेल, तर मोबाइल असूनही घ्या. एकाने बोललेलं तिघांना एकाच वेळी कळतं, नंबर लावायची भानगड नाही.

परवा मृगाचा पहिला पाऊस पडला. मी मागच्या गाडीत होतो, काका पुढे. नाल्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर असताना आवाज आला, "भाऊ, नाल्याले पूर हाये, रपट्यावरून पाणी चाललं. हिकून येऊ नका, मी बी परतून राह्यलो." आम्ही फाट्यावरूनच दुसऱ्या रस्त्याला वळलो. तिसरा संच आता छोट्या हत्तीतून काढून ट्रॅक्टरला लावतो आहे, पेरणी होईपर्यंत तो तिथेच राहील. ट्रॅक्टरला टप नाही, म्हणून ब्रॅकेट मागच्या मडगार्डला कसायचं ठरलं आहे. रंग आधीच खरवडून ठेवला आहे.